यूनानची वाट

कळमनुरीतला मुलगा आज बी.ए.ला युरोपचा इतिहास मराठीतून शिकतो. शंभर वर्षांपूर्वी हे गाव निजामाच्या परभणी जिल्ह्यात होते. तेव्हा शेतात मराठी, कचेरीत उर्दू, आणि इथला कोणी कॉलेजापर्यंत पोचलाच तर ग्रीस-रोमही उर्दूतच. ग्रीस त्याला ‘यूनान’ म्हणून भेटायचा. नाव हकिमाच्या युनानी औषधामुळे ओळखीचे, देश मात्र पूर्ण अनोळखी.

ही पुस्तके तयार व्हायची हैदराबादच्या दारुल तर्जुमात, म्हणजे भाषांतराच्या घरात. १९१७ साली ते सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ निघाले. इंग्लंड, ग्रीस, रोम, युरोप यांचे इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, पुढे वैद्यकसुद्धा उर्दूत आणायचे होते. पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. औरंगाबादेत त्यांचे बरेच आयुष्य गेले. कवी जोश मलिहाबादीही दारुल तर्जुमात नोकरीला होते.

मला सर्वांत मोलाचे वाटते ते परिभाषेचे काम. विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसून एकेका संज्ञेवर खल करीत. शब्द अरबीतून घडवायचा की देशी मुळातून, यावर कडाक्याचे वाद होत. वहीदुद्दीन सलीम यांनी तर १९२१ साली संज्ञा घडवण्याच्या शास्त्रावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परका देश शिकवायचा तर आधी आपल्या भाषेत त्याच्यासाठी जागा करावी लागते, हे या माणसांना पक्के कळले होते.

पण ‘आपली भाषा’ कोणाची? राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी. कळमनुरीच्या मुलाला रोमपर्यंत जायला आधी उर्दूचा घाट चढावा लागे. किती जण त्या पायथ्याशीच थांबले असतील, याची हळहळ मला वाटते. जे चढले, त्यांचीही वाट सरळ नव्हती: १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी नागपूर गाठले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, उस्मानियात उर्दूच्या जागी इंग्रजी आली, आणि भाषांतराचा तो सगळा खटाटोप मागे पडला.

मराठीला स्वतःचे तसे घर मिळायला वेळ लागला. वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोश उभा राहू लागला, तेव्हा आधी बाहेर आला तो परिभाषेचा खंड, १९७३ साली. ‘अ’पासूनचा पहिला खंड निघाला १९७६ला.