कालान्तरप्राणहर आघात

अमरावती व अकोला यांमधील राष्ट्रीय महामार्ग ५३ वर इ. स. २०२२ च्या जूनमध्यें ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत घातला गेला, व त्या विक्रमाची गिनीज पुस्तकांत नोंद झाली. रस्ता सुधारला म्हणजे वाहनांचा वेग वाढतो, आणि वेगाबरोबर आघाताचा जोरहि. जखमी मनुष्य अमरावतीच्या इर्विन रुग्णालयांत किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयांत पोहोंचला, शुद्धीवर आला, दोन शब्द बोलला, कीं आप्तांस हायसें वाटतें. पुढें दुसऱ्या तिसऱ्या रात्रीं त्यास एकाएकीं अतिदक्षता विभागांत हलवितात, आणि 'संध्याकाळीं तर चांगला बोलत होता' असा आक्रोश होतो. डॉक्टरांविषयीं संशयहि उत्पन्न होतो. हें 'एकाएकीं' कितपत खरें, हें येथें पाहावयाचें आहे.

सुश्रुतानें शारीरस्थानांत १०७ मर्में सांगितलीं आहेत. त्यांत सद्यःप्राणहर १९, तर कालान्तरप्राणहर ३३. आजच्या शारीरशास्त्राशीं हें वर्गीकरण तंतोतंत जुळतें असें आम्ही म्हणत नाहीं; पण कांहीं आघात विलंबानें प्राण घेतात ही दृष्टि त्या शस्त्रवैद्यास होती खास. डोक्यास मार लागलेला मनुष्य मध्यंतरीं कांहीं तास नीट बोलतो, आणि तेव्हांच कवटीच्या आंत रक्त सांचत असतें. प्लीहेचा रक्तस्राव कधीं कधीं कित्येक दिवसांनीं प्रकट होतो. मांडीचें हाड मोडलें असतां मज्जेंतील मेद रक्तांत शिरून एक ते तीन दिवसांत धाप व भ्रम उत्पन्न करूं शकतो. वृद्धांच्या बरगड्या मोडल्या कीं ते वेदनेच्या भयानें खोल श्वास घेत नाहींत, खोकत नाहींत; मग कफ सांचून न्यूमोनिया होतो.

ह्याची वर्दी शरीर बहुधा कित्येक तास आधीं देतें. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१२ सालीं श्वास, रक्तांतील प्राणवायु, नाडी, रक्तदाब, ताप व शुद्धि यांस गुण देण्याची एक पद्धति प्रसिद्ध केली. बेरीज ५ झाली कीं डॉक्टरांस तांतडीनें बोलवावयाचें. ७ झाली कीं अतिदक्षतेच्या जाणकारांस. प्रौढाचे श्वास मिनिटास १२ ते २० असावेत. २५ झाले तर त्या एकट्यासच ३ गुण! २०१७ च्या सुधारणेंत नव्यानें उद्भवलेल्या भ्रमासहि तितकेच गुण दिले आहेत.

परंतु ज्यास यंत्र लागत नाहीं तेंच सर्वांत कमी मोजलें जातें. सलाईन किती उरलें हें दहा नातलग पाहतात. छाती किती वेळां वर होते हें कोणीच पाहत नाहीं. तक्त्यावर रात्रभर श्वासांचा आंकडा २० हाच दिसला, तर तो मोजलेला नसून नुसता लिहिलेला आहे असें खुशाल समजावें. तरुणाचा रक्तदाब बराच रक्तस्राव होईपर्यंत टिकतो, म्हणून 'बी. पी. नॉर्मल' एवढ्यावर निर्धास्त होऊं नये.

उशाशीं बसणाऱ्यानें घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. रोग्यास न सांगतां, कारण सांगितल्यानें श्वास बदलतो. डोक्यास मार असेल तर 'गाढ झोंप लागली आहे, उठवूं नका' ह्या मायेच्या सल्ल्याकडे लक्ष न देतां त्यास वरचेवर हांक मारून नांव, गांव विचारावें. उत्तर असंबद्ध आलें किंवा श्वास वाढले, तर लागलीच परिचारिकेकडे जावें, आणि 'बरें दिसत नाहीं' असें मोघम न म्हणतां सांगावें, 'दोन तासांपूर्वीं २० होते, आतां २८ आहेत.'