शेल्टरमधलं भित्रं पिल्लू घरी आणताना

कोल्हापुरात पाऊस लागला की मांजरांची पिल्लं सापडू लागतात. गाडीच्या बॉनेटखाली, जिन्याच्या सांदीत, गटाराच्या कडेला. डोळे चिकटलेले, नाक वाहतं. त्यातली काही शेल्टरपर्यंत पोहोचतात आणि औषधपाण्याने वाचतात. मग प्रश्न येतो घराचा. दत्तक घ्यायला येणारा माणूस जाळीला पंजा लावून खेळणारं पिल्लू उचलतो आणि जातो. मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली तोंड खुपसून बसलेलं पिल्लू तिथेच राहतं. आम्ही आणलं ते असंच मागे राहिलेलं होतं, शिवाय काळं. मांजर आडवं गेलं की दोन पावलं मागे येणारे लोक आपल्याही घरांत आहेत, हे यानिमित्ताने पुन्हा कळलं.

अशा पिल्लाला लोक लाजाळू म्हणतात, पण ती बहुधा भीती असते आणि तिला कारण असतं. जन्मानंतर दुसऱ्या ते साधारण सातव्या आठवड्यापर्यंत पिल्लाला माणसाची सवय सहज लागते. ते दिवस रस्त्यावर आणि आजारात गेले, तर माणसाचा हात म्हणजे सुई टोचणारा, जबडा उघडून औषध घालणारा, एवढीच त्याची ओळख होते. त्यात मांजरांच्या फ्लूमागचा हर्पिसचा विषाणू बरं झाल्यावरही शरीरात दडून राहतो आणि ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. घर बदलणं हा मोठाच ताण. त्यामुळे पहिल्या पंधरवड्यात पुन्हा शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, तर शेल्टरने फसवलं असं समजू नये, डॉक्टरांना दाखवावं. भीती कमी करणं हा इथे उपचाराचाच भाग आहे.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे. करुणा माणसांपुरती, मैत्री त्यापुढे जाऊन सर्व प्राणिमात्रांना कवेत घेते. बावीस प्रतिज्ञांतली तेरावी प्रतिज्ञाही प्राणिमात्रांवरील दयेची आणि त्यांच्या पालनाची आहे. विहारात आपण हे म्हणतो, ऐकतो. पण वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही एक गोष्ट वारंवार पाहिली आहे: दया करणाऱ्याला लगेच पोचपावती हवी असते. माणसांच्या बाबतीत हे चालतं, तसंच जनावरांच्या बाबतीतही. पिल्लू चार दिवसांत मांडीवर आलं नाही की ते परत जातं, आणि परत गेलेलं पिल्लू आणखी घाबरतं. मैत्री करायची तर गती समोरच्याची ठेवावी लागते.

शेल्टरमध्ये आजाराचं नाव नक्की विचारा. फ्लू होता की पॅनल्यूकोपेनिया, कोणतं औषध किती दिवस उरलं आहे, जंताचं औषध आणि लस कधी दिली. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू घरात वर्षभरही तग धरू शकतो, आणि बरं झालेलं पिल्लूही काही आठवडे तो बाहेर टाकत असतं. घरात लस न दिलेलं दुसरं मांजर असेल तर आधी त्याची लस, मग नवं पिल्लू. हा विषाणू फिनाईलने मरत नाही. उलट फिनाईल मांजराला विषारी आहे, कारण ते पाय चाटतं. आम्ही पहिल्याच दिवशी नेहमीच्या सवयीने फिनाईलने फरशी पुसली आणि मग साध्या पाण्याने चार वेळा पुसत बसलो. एक भाग ब्लीच, बत्तीस भाग पाणी, नंतर साधं पाणी, आणि फरशी वाळेपर्यंत पिल्लू लांब.

“वेगळी खोली द्या,” असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आपल्यातल्या कित्येकांचं घरच एका खोलीचं आहे. खाटेखालचा कोपरा पुरतो. पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवायचं, खाटेवरून जुनी साडी सोडायची, एका बाजूला पाणी आणि खाणं, दुसऱ्या टोकाला वाळूचा ट्रे. तिथून त्याला ओढून काढायचं नाही. शेजारी जमिनीवर बसून हळू आवाजात काहीही वाचावं. आम्ही स्पर्धा परीक्षेच्या नोट्स वाचल्या. टक लावून पाहू नये, डोळे सावकाश मिटून उघडावेत. हात पुढे करायचा तो खालून आणि थांबवून, वास घ्यायचा की नाही ते त्याने ठरवावं. आमचं पिल्लू नवव्या रात्री दिवा मालवल्यावर बाहेर आलं आणि चपलेजवळ बसलं. मात्र लपलेलं पिल्लू दिवसभर काहीच खात नसेल तर वाट पाहू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खाण्यावरून चर्चा होतेच. पंचशील घेतलेल्या घरात मांजराला मांस कसं द्यायचं? मांजराचं शरीर मांसावरच चालतं. टॉरिन हा घटक त्याला अन्नातूनच लागतो, नाहीतर डोळे आणि हृदय बिघडतं. हिंसेची इच्छा आणि गरज यांत बाबासाहेबांनी केलेला भेद इथे उपयोगी पडतो. दूध-भातावर मांजर जगवणं ही अहिंसा नाही, उपासमार आहे. गाईच्या दुधाने बहुतेकांना जुलाबही होतात. उकडलेलं बिनमिठाचं चिकन आणि जोडीला पिल्लांसाठीचं तयार खाद्य द्यावं. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यातला तुकडा मात्र देऊ नका, कांदा-लसूण मांजराला बाधतो. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नको, एक गोळी जीव घेते.

घाबरलेलं पिल्लू ओरखडतं, चावतं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि सीपीआरला जाऊन रेबीजची लस घ्या. हळद लावून घरी बसू नका. मादी चौथ्या-पाचव्या महिन्यातच गाभण राहू शकते. त्यामुळे वजन आणि तब्येत सावरली की नसबंदीची तारीख डॉक्टरांकडून लगेच ठरवून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात त्याच जिन्याखाली तिची पिल्लं सापडतील. कायमचं घर देणं जमत नसेल, तर औषधाचा कोर्स संपेपर्यंत दोन-तीन आठवडे सांभाळायला पिल्लू देता का, असं शेल्टरला विचारता येतं. भित्र्या पिल्लाला पिंजऱ्यापेक्षा खाटेखालचा तो कोपरा लवकर मानवतो.