तक्रार खरी, पत्ता चुकीचा

खोट्या दुःखावर सभा भरत नाही. लोकांची तक्रार खरी असते, म्हणूनच ती राजकारणात चालते. बघायचं एवढंच, की ती कुणाच्या दारात नेऊन टाकली जाते.

महाराष्ट्राचंच उदाहरण घ्या. मुंबईत मराठी तरुणांना नोकरी मिळत नाही, ही १९६० च्या दशकातली खरी सल होती. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने कार्यालयांतल्या अधिकाऱ्यांच्या याद्या छापल्या, त्यांत दाक्षिणात्य नावं भरपूर. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तेव्हा दोषी होता दाक्षिणात्य. १९८० च्या दशकात पक्ष हिंदुत्वाकडे वळला आणि दोषी झाला मुसलमान. १९८८ च्या औरंगाबाद महापालिका निवडणुकीनंतर हे राजकारण मराठवाड्यात पसरलं. २००८ साली मनसेने उत्तर भारतीयांकडे बोट दाखवलं.

मधल्या काळात काय झालं? १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, लाखो कामगार घरी बसले. त्या ना दाक्षिणात्यांनी बंद केल्या, ना मुसलमानांनी. दोषी बदलत गेले, नोकरीचा सवाल तिथेच राहिला.

आता आपल्या हिंगोलीत या. २६ नोव्हेंबर २०२३ ला इथे ओबीसींची मोठी सभा झाली. त्याआधी मराठा आरक्षणासाठी गावोगाव उपोषणं सुरूच होती. कनेरगाव नाक्याच्या आसपास मराठा, ओबीसी, मुसलमान सगळ्यांच्याच शेतात सोयाबीन. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारात मात्र त्याहून बराच कमी भाव मिळाला. तो तोटा जात विचारून झाला नाही. पण भाव पडला म्हणून सगळे एकत्र येत नाहीत. शेजाऱ्याला काही मिळेल म्हटलं की लगेच ठिणगी पडते.

आपणही यातून सुटलेलो नाही. २०१४ च्या अध्यादेशाने मुस्लिमांतील मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. उच्च न्यायालयाने शिक्षणापुरतं ते चालू ठेवलं, तरी त्याचा कायदा झाला नाही. ही नाइन्साफी खरी आहे. पण तिच्या नावावर निवडणुकीपुरती जोशाची तकरीर करणारे आपल्यातही आहेत.

म्हणून पुढच्या सभेत, नेता कोणत्याही समाजाचा असो, तीन गोष्टी विचारा: निर्णय कोणाच्या हातात होता? त्यासाठी तुम्ही काय केलं? आणि ज्याला दोषी म्हणता तो उद्या निघून गेला, तर माझ्या मुलाला नोकरी मिळेल का? तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर समजा, आपल्याला फक्त राग दिला जातोय, हक नाही.