दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीचे एंजिन पुन्हा चालू करणे

मोटारीचे एंजिन चालण्याने झिजते, हे सर्वांस ठाऊक असते. उभे राहण्यानेही त्याची हानी होते, ही गोष्ट मात्र फारशी ध्यानात घेतली जात नाही. ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यात, टिटवाळा व वासिंद या स्थानकांच्या दरम्यान, भातसा नदीच्या काठी वसलेल्या खडवलीसारख्या गावात एखाद्या घराच्या पडवीत अथवा पत्र्याच्या छपराखाली दहाबारा वर्षे उभी असलेली जीप दृष्टीस पडली, तर त्यात नवल नाही. केव्हातरी ती चालू करण्याचे मालक मनावर घेतो. नवी बॅटरी आणली जाते, टाकीत दोन लिटर पेट्रोल ओतले जाते आणि ‘सेल्फ’ मारला जातो. दहा वर्षांच्या विश्रांतीत झाली नसेल एवढी हानी त्यापुढच्या दहा सेकंदांत होण्याचा संभव असतो. ती कशी होते व ती टाळावयाची तर कोणत्या क्रमाने जावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी एक विशिष्ट एंजिन समोर ठेवू. स्वातंत्र्याच्या आगेमागे महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी मुंबईत सुरू केली. विलीजने १९५३ साली बाजारात आणलेली उंच बोनेटची सीजे-३बी जीप पुढे अनेक दशके आपल्याकडे तयार होत राहिली. तिच्यातील ‘हरिकेन’ एंजिन चार सिलिंडरांचे असून त्याची एकूण धारणा सुमारे २,२०० घन सेंटिमीटर आहे. सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटरांहून किंचित अधिक व दट्ट्याची धाव १११ मिलिमीटर. मिश्रण आत घेणाऱ्या झडपा वर हेडमध्ये आणि जळालेला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा बाजूस ब्लॉकमध्ये, अशी त्याची काहीशी विचित्र रचना आहे. या उंच हेडसाठीच बोनेट उंच करावे लागले. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे १,०८९ घन सेंटिमीटरांचे एंजिन निराळ्या बांधणीचे असले, तरी पुढील विवेचनाचा बहुतेक भाग तिलाही लागू पडतो.

एंजिन थांबते तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर वंगणाचा पातळ थर असतो. काही आठवड्यांत तो ओघळून खालच्या ऑइल चेंबरमध्ये उतरतो आणि ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग उघडा पडतो. ज्या प्रदेशात वर्षाला दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथे हवेतील बाष्पाची वाण नसते. त्यातही खरा अपकार करतो तो पाऊस नव्हे, तर दव. रात्री एंजिनाचा लोखंडी गोळा थंड होतो. सकाळी हवा लवकर तापते, परंतु एवढ्या वस्तुमानाचे लोखंड मागे राहते. त्या थंड धातूला दमट हवेचा स्पर्श होताच तिच्यातील बाष्प पाण्याच्या रूपाने भिंतीवर साचते. छपराखाली, ताडपत्रीने झाकून ठेवलेल्या गाडीतही ही क्रिया अव्याहत चालू असते. घट्ट बांधलेल्या ताडपत्रीखाली तर ती अधिकच जोमाने चालते.

येथे एका गोष्टीचा खुलासा केला पाहिजे. जुने एंजिन उघडले असता चारही सिलिंडरांत सारखा गंज क्वचितच आढळतो. एखाद-दुसरा सिलिंडर जवळजवळ निर्दोष असतो, तर त्याच्या शेजारचा तांबूस खवल्यांनी भरलेला असतो. याचे कारण एंजिनाच्या चक्रातच आहे. चार सिलिंडरांच्या एंजिनात कोणत्याही क्षणी एक सिलिंडर मिश्रण आत घेत असतो, एक ते दाबत असतो, एकात ज्वलन होत असते व एक वायू बाहेर सोडत असतो. ज्या स्थितीत एंजिन थांबले, त्या स्थितीत साधारणपणे दोन सिलिंडरांच्या दोन्ही झडपा बंद राहतात आणि उरलेल्या दोहोंची एकेक झडप उघडी राहते. उघड्या झडपेवाटे, विशेषतः सायलेन्सरच्या नळीतून, बाहेरची दमट हवा वर्षानुवर्षे आत-बाहेर करीत राहते. म्हणून एकाच प्लगच्या भोकातून डोकावून ‘आत सगळे ठीक आहे’ असा निर्वाळा देणे धोक्याचे होय. चारही प्लग काढून, बारीक दिवा आत सोडून चारही भिंती पाहाव्या.

गंज हा मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. दट्ट्या व सिलिंडर यांमधील मोकळीक तर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. त्या फटीत गंज धरला की रिंगा भिंतीला चिकटून बसतात आणि एंजिन, कारागिरांच्या भाषेत, ‘जॅम’ होते. अशा वेळी सेल्फने अथवा दुसऱ्या गाडीने ओढून जबरदस्ती केली, तर ओतीव लोखंडाच्या ठिसूळ रिंगा तुटतात, त्यांचे तुकडे भिंतीवर चरे पाडतात. दट्ट्याचा अॅल्युमिनियमचा मिश्रधातू मऊ असल्यामुळे तोही खरवडला जातो. जॅम न झालेले एंजिनही या संकटातून मुक्त नसते. रिंगा सुट्या असल्या, तरी गंजाचे कण कानशीसारखे काम करतात, आणि त्या क्षणी भिंतीवर वंगणाचा थेंबही नसतो.

म्हणून पहिला नियम असा की, बॅटरी जोडण्यापूर्वी एंजिन हाताने फिरले पाहिजे. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पातळ, झिरपणारे तेल सोडावे. गियरपेटीत वापरले जाणारे पातळ हायड्रॉलिक तेल, किंवा एंजिन ऑइल व डिझेल यांचे समभाग मिश्रण, यांनी काम भागते. भोकांवर स्वच्छ फडके घालून एंजिन तसेच राहू द्यावे. किती दिवस? जॅम नसेल तर एक रात्र पुरे. जॅम असेल तर आठवडा, दोन आठवडे, आणि तेल मुरत जाईल तसे पुन्हा थोडे थोडे घालीत राहावे. या कामात कारागिराच्या बळापेक्षा त्याच्या सबुरीची कसोटी लागते. त्यानंतर पुढच्या बाजूने हॅण्डल लावून हलकेच दाब द्यावा. एंजिन रेसभर हलले, तरी त्याच दिशेने रेटू नये. मागे आणावे, पुन्हा पुढे न्यावे. या येरझाऱ्यांनी तेल रिंगांच्या मागे पोहोचते व सुटलेला गंज तेलाबरोबर वाहून जातो. हॅण्डल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूस ठेवण्याची जुन्या चालकांची रीत अद्यापही पाळण्यासारखी आहे. प्लग बसविल्यानंतर एंजिनाने उलटा हिसका दिला, तर मनगट वाचते.

पुरात सापडलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत उल्हास खोऱ्यातील अनेक वस्त्यांत पाणी शिरले होते. असे पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल, तर थोडे गणित करून पाहावे. हरिकेन एंजिनाच्या एका सिलिंडरची धारणा सुमारे ५५० घन सेंटिमीटर आणि दाबाचे प्रमाण सुमारे सातास एक. म्हणजे दट्ट्या सर्वांत वर असताना त्याच्या माथ्यावर उरणारी जागा नव्वद घन सेंटिमीटरांच्या आसपास भरते. एवढे, म्हणजे चहाचा लहान कप भरणार नाही एवढे, पाणी आत असले तरी ते दाबले जाणार नाही, आणि प्लग बसवून सेल्फ मारल्यास कनेक्टिंग रॉड वाकेल. प्लग काढलेले असतील, तर तेच पाणी पिचकारीसारखे बाहेर पडते व हानी टळते. पुराच्या पाण्याबरोबर गाळही येत असल्यामुळे अशा एंजिनाचे ऑइल चेंबर उतरवून धुतल्यावाचून पुढे जाऊ नये.

साध्या, न बुडालेल्या गाडीतही ऑइल बदलणे अपरिहार्य आहे. ज्वलनातून निर्माण झालेली आम्ले व पाणी जुन्या ऑइलात शिल्लक असतात आणि ती बेअरिंगांच्या मऊ धातूला खात राहतात. चेंबरची खालची चकती सावकाश सैल करावी. पाणी ऑइलाहून जड असल्यामुळे, असलेच तर तेच आधी गळते. याच वेळी हवेच्या गाळणीत व सायलेन्सरच्या तोंडाशी उंदरांनी घरटे केले आहे काय, हेही पाहून घ्यावे. ही सूचना कोणाला विनोदी वाटेल. भातशेतीच्या गावात ती वाटणार नाही.

आता इंधन. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातील हलके घटक प्रथम उडून जातात. एंजिन थंड असताना पेट घेण्यास उपयोगी पडणारे घटक नेमके तेच होत. उरलेल्या भागातील असंपृक्त घटकांचा ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट राळ तयार होते. ती कार्ब्युरेटरच्या केसासारख्या बारीक जेटांत वाळते आणि झडपांच्या दांड्यांना चिकटून त्यांना आपल्या मार्गदर्शक नळ्यांत अडकवते. पेट्रोलात इथेनॉल असेल, तर आणखी एक भर पडते. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते, आणि मर्यादा ओलांडताच पाणी व इथेनॉल यांचा थर वेगळा होऊन टाकीच्या तळाशी बसतो. पंपाची नळी तेथूनच इंधन उचलते. तेव्हा जुने पेट्रोल पूर्णपणे काढून टाकावे, टाकी धुवावी, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा. रबरी नळ्या व पंपाचा पडदाही बदलावा, कारण आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलाचा विचार करून ते बनविलेले नव्हते. पडदा फाटला, तर पेट्रोल ऑइलात उतरून ते पातळ होते आणि बेअरिंगे जळतात. इतक्या स्वस्त वस्तूपायी एवढे मोठे नुकसान मोटारीत दुसरे क्वचितच असेल.

कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून एंजिन चालू करण्याची पद्धत सर्रास दिसते. झडप अडकलेली असेल, तर ज्वाला उलट दिशेने येते आणि ओतणाऱ्याचा हात व चेहरा भाजतो. हा मार्ग वर्ज्य समजावा.

ठिणगीच्या बाबतीत विशेष सांगण्यासारखे थोडेच आहे. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटांवर ऑक्साइडाचा थर जमून विद्युत्प्रवाह खंडित होतो. बारीक पट्टीने ते घासून त्यांतील अंतर सुमारे अर्धा मिलिमीटर ठेवावे. ठिणग्यांचा क्रम १-३-४-२ असा आहे. तारा काढताना खुणा करून ठेवल्या, तर पुढचा घोटाळा वाचतो.

नवे ऑइल भरल्यानंतर, प्लग बाहेरच ठेवून, आता प्रथमच सेल्फ मारावा. दाब नसल्यामुळे बेअरिंगांवर भार पडत नाही, एंजिन मोकळे फिरते आणि कोरडा पडलेला पंप ऑइल ओढू लागतो. ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत, मधूनमधून थांबत, हे करीत राहावे. मग दाबमापक लावून चारही सिलिंडरांतील दाब मोजावा. आकड्याच्या थोरवीपेक्षा चार आकड्यांतील मेळ महत्त्वाचा. एखादा सिलिंडर मागे पडला, तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर दोष रिंगांचा, न वाढला तर झडपेचा. हरिकेनमध्ये बाहेर सोडणाऱ्या झडपा ब्लॉकच्या बाजूस असल्यामुळे टॅपेटचे झाकण काढून, हॅण्डल फिरवीत, कोणती झडप वरच अडकून राहते ते डोळ्यांनी पाहता येते. तिच्या दांडीवर तेल सोडून ती हलक्या हाताने खाली बसवावी.

हे सर्व झाल्यावरच प्लग बसवावेत. गाडी उघड्यावर आणावी. बंद शेडमध्ये जमणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वासावाचून प्राण घेतो. एंजिनाने पेट घेताच दृष्टी ऑइलच्या काट्यावर असावी, आणि दहा सेकंदांत तो वर चढला नाही, तर ताबडतोब एंजिन बंद करावे. आरंभीचा निळसर धूर सिलिंडरमध्ये घातलेल्या तेलाचा असतो; तो दहापंधरा मिनिटांत ओसरतो. तोवर पाण्याची गळती व उष्णतेचा काटा पाहत राहावे. पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर ऑइल पुन्हा बदलावे. चेंबरमधून निघणाऱ्या त्या काळ्या, तांबूस कणांनी भरलेल्या ऑइलाकडे पाहिले, म्हणजे हॅण्डलपाशी घालविलेले दोन आठवडे कशासाठी होते, हे मालकास निराळे सांगावे लागत नाही.