जळगावची ‘गुलाबी साडी’, सिन्नरची परंपरा

2024च्या लग्नसराईत नाशिकमध्ये हळद असो की वरात, डीजेवाल्याकडे एक फर्माईश ठरलेली: ‘गुलाबी साडी’. संजू राठोडनं लिहिलेलं, त्यानंच गायलेलं हे गाणं त्या वर्षी फेब्रुवारीत आलं. संगीताची बाजू जी-स्पार्क, म्हणजे त्याचा भाऊ गौरव, यानं सांभाळली. ना सिनेमाचा आधार, ना बडा नायक. तरी काही महिन्यांत ते यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या फलकावर झळकलं.

संजू जळगाव जिल्ह्यातल्या धानवडचा. सरकारदरबारी जळगाव नाशिक विभागात मोडतं. गाण्याच्या बाबतीतही हा पट्टा सलगच आहे. बागलाण, मालेगावपासून धुळे-जळगावपर्यंत अहिराणी गाण्यांना हक्काचा श्रोता आहे. इथल्या पोरांनी मुंबईच्या कंपन्यांची वाट न पाहता यूट्यूबवर आपली गाणी चालवून दाखवली होती. संजूनं तोच रस्ता धरला, फक्त भाषा सगळ्या महाराष्ट्राला कळेल अशी ठेवली.

गाणं चाललं ते नशिबानं नव्हे. नटूनथटून आलेली नायिका आपल्या माणसाला फोटो काढायला सांगते, एवढाच प्रसंग. पण रीलला नेमकं हेच लागतं. कपाटातली साडी आणि हातातला मोबाइल, दुसरा खर्च नाही. ऐकणारी बाई पुढच्याच मिनिटाला गाण्याची नायिका होते. संजूच्या आधीच्या ‘नऊवारी’ या गाण्यातही साडीच होती, म्हणजे विषयाची नस त्याला आधीच सापडलेली होती.

स्वतः लिहून स्वतः गाण्याची रीत मात्र या भागाला नवी नाही. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत 1922 साली जन्मलेले वामनदादा कर्डक हेच करत आले. मोठेपणी बाराखडी गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत जोडाक्षरं पक्की केली आणि पुढं आंबेडकरी विचारांची गाणी लिहून गावोगावी गायली. ‘वाटचाल’ हा त्यांचा संग्रह 1973चा. 2004 साली नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. त्यांच्या गाण्यांचे व्ह्यूज कुणी मोजले नाहीत. ती लोकांच्या तोंडी राहिली आणि आजही 14 एप्रिलला, आंबेडकर जयंतीला, गायली जातात. कित्येकदा गाणाऱ्याला ती कुणाची हेही ठाऊक नसतं.

संजूच्या पिढीचा खरा फायदा इथं आहे. गाण्यासोबत लिहिणाऱ्याचं नावही फिरतं आणि कमाईतला वाटा मागता येतो. पण आकड्यांवरून गाणं किती दूर गेलं एवढंच कळतं, ते किती टिकेल हे नाही. ‘गुलाबी साडी’नं पहिली परीक्षा पहिल्या वर्गात पार केली आहे. दुसरीचा निकाल वीस वर्षांनी लागेल. तोवर मांडवात वामनदादांचं गाणं वाजलं, तर त्यांचं नावही माइकवरून सांगा.