गुन्ह्यांचे गणित कोठे शिकावे?

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी वरळीत एक बेवारस मारुती व्हॅन सापडली. तिच्यात शस्त्रे होती. गाडीची नोंदणी माहीममधील एका घरातील व्यक्तीच्या नावावर निघाली. त्या घराच्या झडतीत एका स्कूटरची किल्ली मिळाली, आणि दादर भागात सापडलेल्या, स्फोटके भरलेल्या पण न फुटलेल्या स्कूटरला ती बरोबर बसली.

गाडी, घर, किल्ली, स्कूटर. वेगवेगळ्या पाहिल्या तर या साध्या वस्तू. पण एका धाग्यात ओवल्या तेव्हा त्यांतून तपासाची दिशा निघाली.

आता याच शहरातील उलट उदाहरण पाहा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने २००९ मध्ये अहवाल दिला. समुद्रमार्गाने हल्ला होईल, मोठी हॉटेले लक्ष्य होतील, अशा सूचना त्याआधीच्या काळात तुटक तुटक येत होत्या. माहिती होती, पण ती सारी एकत्र मांडून तिचा साकल्याने विचार झाला नव्हता.

विद्यार्थी मित्रांनो, तुटक माहितीतून अर्थ काढण्याच्या या कामाला गुप्तवार्ता विश्लेषण म्हणतात. चित्रपटातील गुप्तहेराशी त्याचे फारसे साम्य नाही. विश्लेषक बहुतेक वेळ टेबलाशी बसून नोंदी, नकाशे, फोनच्या याद्या आणि बँकांचे व्यवहार ताडून पाहत असतो.

एक गणित सोडवा

हे काम शिकायला काय लागते? कागद-पेन्सिल घ्या. समजा, एका शहरात १ कोटी माणसे आहेत आणि त्यांत १०० गुन्हेगार दडले आहेत. संशयित ओळखणारे एक यंत्र १०० पैकी ९९ वेळा अचूक उत्तर देते. यंत्राने एखाद्याकडे बोट दाखवले, तर तो गुन्हेगार असण्याची शक्यता किती?

तुम्ही म्हणाल, शेकडा ९९. थांबा. १०० गुन्हेगारांपैकी ९९ सापडतील, हे खरे. पण उरलेल्या ९९,९९,९०० निरपराध माणसांपैकी शेकडा १, म्हणजे ९९,९९९ जणांवरही यंत्र चुकून ठपका ठेवील. एकूण संशयित झाले १,००,०९८ आणि त्यांत खरे फक्त ९९. म्हणजे हजारात जेमतेम एक!

हे गणित ज्याला येत नाही, त्याच्या हातून निरपराध माणसांच्या दारात पोलीस जातील. म्हणून संख्याशास्त्र हा या क्षेत्राचा पाया आहे. त्याला संगणक, कायद्याची ओळख आणि मुद्देसूद लिहिण्याची सवय यांची जोड हवी.

उपनगरातून वाटा

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांपुढे मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली वाट न्यायसहायक विज्ञानाची. मुंबईत मादाम कामा मार्गावर शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था २००९ पासून आहे. बारावी विज्ञानानंतर येथे बी.एस्सी. करता येते. अंधेरी-बोरिवलीकरांना चर्चगेटला उतरून चालत जाता येईल. घाटकोपर-मुलुंडकरांना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागेल. येथे भर मुख्यतः पुराव्याच्या परीक्षणावर असतो. सांताक्रूझ-कलिना येथे राज्याची न्यायसहायक प्रयोगशाळा आहे. तिच्यासारख्या ठिकाणी काम करायचे असेल, तर ही वाट सरळ आहे.

दुसरी वाट घराजवळची. अंधेरीचे भवन्स, मुलुंडचे वझे-केळकर किंवा विद्याविहारचे सोमय्या अशा महाविद्यालयांत चौकशी करा. संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र शेवटच्या वर्षापर्यंत घेता येते का, एवढे मात्र विचारा.

तिसरी वाट पदवीनंतरची. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय यांचा पदव्युत्तर अभ्यास करता येतो. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, हे ज्यांना समजून घ्यायचे आहे त्यांच्यासाठी ही वाट.

चौथी वाट गुजरातेत जाते. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ ही दोन्ही गांधीनगर भागात असून संसदेने २०२० मध्ये कायदे करून त्यांना आजचे रूप दिले. गुन्हे-तपास आणि सुरक्षा हेच त्यांचे मुख्य विषय. तेथे घर सोडून राहण्याचा खर्च मात्र आधी मोजायला हवा.

नावाला भुलू नका

माहितीपत्रकावर ‘गुन्हे’, ‘सायबर’, ‘गुप्तवार्ता’ असे शब्द छापणे सोपे असते. म्हणून प्रवेशापूर्वी चार प्रश्न विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची, आणि त्या विद्यापीठाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता आहे का? कायम शिक्षक किती? प्रयोगशाळा तुम्हाला वापरायला मिळते, की नुसती दाखवतात? मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी कोणते प्रकल्प केले? उत्तरे गुळमुळीत आली, तर तेही एक उत्तरच समजा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची पोलीस उपनिरीक्षकाची परीक्षा कोणत्याही शाखेच्या पदवीधराला देता येते. केंद्रीय गुप्तवार्ता विभागातील सहायक गुप्तवार्ता अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण पदासाठीही कोणतीही पदवी चालते. प्रयोगशाळेतील पदांना मात्र विज्ञानाची ठरावीक पदवी लागते. तेव्हा आधी काम निवडा, मग पदवी, आणि शेवटी महाविद्यालय. बहुतेक जण नेमके उलटे करतात.

तयारी आजपासूनही करता येईल. तुमच्या वर्गातील गैरहजेरीची महिनाभराची नोंद ठेवा. वार, पाऊस, लोकलचा खोळंबा यांच्याशी ती ताडून पाहा. मुलांची नावे लिहू नका. निष्कर्ष काढल्यावर स्वतःलाच विचारा : याखेरीज दुसरे कारण असू शकेल का? हा प्रश्न विचारण्याची सवय जडली, की तुमचा अभ्यास सुरू झाला असे समजा.