धूसर पार्श्वभूमी, खिशाला परवडणारी लेन्स

पेडणे-डिचोलीत जत्रेच्या रात्री दशावतारी कलाकाराची मुलाखत चित्रित करायची, तर रंगपटातली गर्दी मागे विरघळली पाहिजे आणि चेहरा उठून दिसला पाहिजे. त्यासाठी महागडा कॅमेरा कशाला? माझं मत ५० एमएम एफ/१.८ लेन्सला.

हिशेब सोपा आहे. फोकल लेंग्थला एफ-आकड्याने भागलं की छिद्राचा व्यास मिळतो: इथे सुमारे २८ मिमी. कॅमेऱ्याबरोबर येणारी झूम लेन्स बहुधा ५५ एमएमला एफ/५.६ वर अडते, म्हणजे जेमतेम १० मिमी. छिद्र जितकं मोठं, तितकं मागचं धूसर. शिवाय प्रकाश नऊपटीहून जास्त.

पण जपून हां! एपीएस-सी कॅमेऱ्यावर दीड मीटरवरून एफ/१.८ ला साधारण सहा सेंटीमीटरचीच खोली स्पष्ट राहते. कलाकार बोलता बोलता पुढे झुकला की डोळे गेले. म्हणून एफ/२.८ ठेवा आणि त्याला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे बसवा. खोली लहान असेल तर ३५ एमएम बघा.

जुनी लेन्स घेताना टॉर्च मारून आत बुरशी आहे का ते पाहा. आपला पावसाळा भिंगांना सोडत नाही. आणि पेटी, मुकुट ओळखू येतील इतपत मागचं राहू द्या. त्या कलाकाराची गोष्ट त्यांच्यातही आहे.